हेडफोन लावला की गोंगाट संपला?

आवाजाचा त्रास होणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला: ‘नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घाला आणि खुशाल संग्रहालय बघा.’ हे अर्धंच खरं आहे.

हे हेडफोन बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्याची उलटी लहर सोडतात. एसीची घरघर, मत्स्यालयातल्या पंपांचा गुंजारव असा खालच्या पट्टीतला, एकसुरी आवाज त्यांना नीट खोडता येतो. काचेच्या बोगद्यात शार्क दिसताच पोरं जी किंकाळी फोडतात, ती मात्र उंच आणि अचानक. ती बऱ्यापैकी आत येतेच. उलट घरघर गेल्यामुळे कधीकधी जास्तच टोचते.

तिथे फोमचे साधे इअरप्लग कामाला येतात, पण नीट बसवले तरच. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा, फुगेपर्यंत २०-३० सेकंद दाबून धरा. अर्धा बाहेर राहिला तर फायदा बराच कमी होतो. प्लगवर हेडफोन चढवले तरी दोघे जितके डेसिबल (आवाजाचं माप) अडवतात, त्यांची बेरीज होत नाही. जास्त अडवणाऱ्याच्या आकड्यात साधारण ५ डेसिबलचीच भर पडते.

आणि वेळ? ‘उघडताच जा’ हेही सरसकट खरं नाही, शाळांच्या सहली सकाळीच येतात. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात तर दर तासाला संगीत घड्याळातली छोटी मूर्ती बाहेर येऊन टोले देते, ते बघायला झुंबड उडते, दुपारी १२ला सर्वाधिक. ती झुंबड असेपर्यंत लांबची दालनं बघून घ्यावीत.