शब्दांना सातच टक्के?

‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५.’ जनसंपर्काच्या कार्यशाळांत ही स्लाइड हमखास येते आणि मंडळी निमूटपणे वहीत उतरवून घेतात. हे खरं असतं, तर सबटायटलशिवायचा कोरियन सिनेमा आपल्याला ९३ टक्के कळला असता!

आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत, पण ते भलत्याच गोष्टीचे आहेत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ मध्ये सहकाऱ्यांसह दोन छोटे अभ्यास प्रसिद्ध केले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात ‘मेबी’ हा एकच शब्द तीन सुरांत, सोबत चेहऱ्यांचे फोटो. विचारलं एवढंच, की बोलणाऱ्याची समोरच्याबद्दलची भावना काय वाटते? दोन्हींची सांगड घालून सूत्र निघालं. त्यातले ५५ टक्के चेहऱ्याचे. हातवारे किंवा उभं राहण्याची ढब तपासलीच नव्हती.

आई ‘कर तुला हवं ते’ म्हणते, तेव्हा परवानगी आहे की नाही हे सुरावरूनच कळतं. शब्द आणि सूर एकमेकांविरुद्ध गेले की आपण सुरावर विश्वास ठेवतो, एवढाच त्याचा आवाका. भावना आणि आवडनिवड यांपलीकडे हे सूत्र लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे.

‘सदोष बॅटरी परत मागवत आहोत’ या प्रसिद्धिपत्रकाला तर ना चेहरा असतो, ना आवाज.