10 टक्क्यांसाठी पाणी 100 ग्रॅम नव्हे, 90 ग्रॅम

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांमधून बारावी सायन्सची मुलं एक व्याख्या वर्षानुवर्षं पाठ करत आली आहेत: ‘10 टक्के मिठाचं द्रावण म्हणजे 100 ग्रॅम पाण्यात 10 ग्रॅम मीठ.’ हे चूक आहे. वस्तुमानाच्या टक्केवारीत भागायचं ते पाण्याच्या वजनाने नाही, तर संपूर्ण द्रावणाच्या, म्हणजे मीठ अधिक पाणी यांच्या वजनाने. 100 ग्रॅम पाण्यात 10 ग्रॅम मीठ घातलं की द्रावण होतं 110 ग्रॅम आणि टक्केवारी येते 9.09. खरोखर 10 टक्के हवं असेल, तर 10 ग्रॅम मिठाला 90 ग्रॅम पाणी.

गैरसमज टिकला, कारण लहान आकड्यांत तो पकडलाच जात नाही. 1 ग्रॅमला 0.99 टक्के येतं, कुणाला खटकणार? पण साखर घ्या. साध्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात जवळपास 200 ग्रॅम साखर विरघळते. पाठ केलेल्या व्याख्येने हे द्रावण 200 टक्क्यांचं ठरेल! प्रत्यक्षात ते सुमारे 67 टक्के आहे.

वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीतल्या रासायनिक कारखान्यांत नोकरीला जाणाऱ्यांनी तर आणखी एक गोष्ट पक्की करावी. बाटलीवरचे 98 टक्के सल्फ्युरिक ॲसिड हे वजनाचे टक्के असतात. त्याची घनता 1.84, म्हणजे एक लिटर भरतं 1840 ग्रॅम आणि त्यात शुद्ध ॲसिड सुमारे 1803 ग्रॅम. लिटरला किलो धरून मापलं, तर ॲसिड जवळजवळ दुप्पट पडेल. सलाइनचे 0.9 टक्के मात्र वेगळे: तिथे 100 मिलिलिटर द्रावणात 0.9 ग्रॅम मीठ.