'आपली माणसं' आहेत म्हणून गल्ली सुरक्षित?

ऑगस्ट उजाडला की बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत एकच सल्ला फिरतो: "लंडनला चाललास नव्हं बाळा, मग हॅरो नाहीतर वेम्बलीत खोली बघ. आपली माणसं आहेत, भीती नाही." सल्ला मायेचा, पण चुकीचा.

शेजारी भारतीय असणं वेगळं आणि रस्ता सुरक्षित असणं वेगळं. एकाच भागात एक रस्ता निवांत, पुढचा नाही. वडगावात तरी दुसरं काय? इंग्लंडचे पोलीस दर महिन्याला गुन्ह्यांचा नकाशा ऑनलाइन टाकतात. पोस्टकोड टाका, घरफोडी, लूट, मारहाण वेगवेगळी दिसते. ठिपका मात्र नेमक्या घराचा नसतो, अंदाजे जवळपासचा असतो. एकूण आकड्यावरही जाऊ नका. मध्य लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरचा आकडा फुगतो तो बराचसा पर्यटकांच्या मोबाइल-पाकिटांनी. गणपत गल्लीत सणाच्या गर्दीत पाकीट गेलं म्हणून तिथला रहिवासी रोज लुटला जात नाही. बघायचं ते घरफोडी, लूट आणि रात्री अकराला स्टेशनपासून दारापर्यंतचं चालणं: दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का.

आणि फसवणारा मराठीतही गोड बोलतो! खोली न दाखवताच पैसे मागितले तर थांबा. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने खोली राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. अनामत सहसा पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंतच, आणि भाडेकरूची अनामत घरमालकाने बहुधा ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवायची असते. त्याचा कागद मागून घ्या, घरमालक मामाचा दोस्त असला तरी.