पार्श्वभूमी : समुद्री जीवांपासूनची औषधे आणि पुरवठ्याचा पेच

स्पंज, ट्युनिकेट (पिशवीसारखे समुद्री प्राणी), ब्रायोझोआ (वसाहती करून राहणारे सूक्ष्म प्राणी) हे प्रौढपणी बहुधा एकाच जागी चिकटून असतात. बहुतेकांचे अंग मऊ, आणि पळून जायची सोय नाही. त्यामुळे त्यांच्यापैकी अनेकांचा बचाव रसायनांवर चालतो. पाण्यात सुटलेले रसायन क्षणात विरळ होते, म्हणून ते अत्यल्प मात्रेतही लागू पडावे लागते. औषध संशोधकांना समुद्राने खेचले ते या तीव्रतेमुळे. पण असा रेणू प्राण्याच्या शरीरात इतका थोडा असतो की रुग्णांवरील चाचण्यांपुरताही तो हाती लागत नाही. कोणते संयुग औषध झाले आणि कोणते वर्षानुवर्षे अडकले, हे बहुतेक वेळा या एका अडचणीवर ठरले.

पहिल्या यशात ही अडचण आलीच नाही. १९५१ मध्ये येल विद्यापीठातील वर्नर बर्गमन यांनी फ्लोरिडाजवळच्या उथळ पाण्यातील एका स्पंजातून वेगळ्याच घडणीचे न्यूक्लिओसाइड (साखर जोडलेला, डीएनएच्या घटकासारखा रेणू) वेगळे केले. डीएनएच्या घटकांत जिथे डीऑक्सिरायबोज ही साखर असते, तिथे यात अरॅबिनोज होती. एवढ्या फरकाने डीएनएची साखळी पुढे वाढायची थांबवता येते, हे लक्षात आल्यावर तशीच संयुगे प्रयोगशाळेत बनवली गेली. त्यांतले सायटाराबिन १९५९ मध्ये तयार झाले आणि १९६९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या उपचाराचा ते आजही पाया आहे. नेहमीच्या पद्धतीत ते सात दिवस अखंड सलाइनमधून देतात, कारण शरीरातील एक विकर ते झपाट्याने निष्प्रभ करते आणि ते फक्त डीएनएची प्रत काढत असलेल्या पेशीच मारते. रेणू लहान, बनवायला सोपा. स्पंज खरवडायची गरजच पडली नाही.

पुढचे रेणू इतके सरळ नव्हते. त्यांचा शोध कसा घेतात हे पाहिले की पेच कुठे पडतो ते कळते. नमुना वर आणताच गोठवतात, एक तुकडा ओळख पटवण्यासाठी अल्कोहोलमध्ये राखून ठेवतात, खोली आणि ठिकाण टिपतात. मग बारीक करून मिथेनॉलमध्ये अर्क काढतात. या पहिल्या अर्कात मीठच भरपूर असते. ते काढून हेक्झेन, डायक्लोरोमिथेन, ब्युटेनॉल अशा द्रावकांनी त्याचे भाग पाडतात आणि प्रत्येक भाग पेशींवर तपासतात. जो भाग पेशी मारतो तो क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने) आणखी विभागतात. यात फसण्याच्या जागा अनेक आहेत. मेदाम्ले पेशींचे आवरण फाडून खोटा परिणाम दाखवतात. विभागताना संयुगाचे विघटन होऊन परिणाम नाहीसा होतो. महिनोन्‌महिने राबून हाती आलेले संयुग आधीच माहीत असलेले निघते, म्हणून त्याचा वस्तुमान वर्णपट (रेणूच्या वजनावरून मिळणारी ओळख) ज्ञात संयुगांशी सुरुवातीलाच ताडून पाहणे आवश्यक ठरते. आणि तोच स्पंज पुढच्या वर्षी त्याच खडकावरून आणला तर त्यात ते संयुग नसूही शकते.

एक्टिनॅसिडिया टर्बिनाटा या ट्युनिकेटच्या अर्काचा कर्करोगविरोधी गुण १९६९ मध्येच दिसला होता, पण त्यातील कर्करोगावरचे औषध ठरलेल्या ट्रॅबेक्टेडिन या संयुगाची रचना जाहीर व्हायला १९९० उजाडले. एक ग्रॅम औषधासाठी सुमारे एक टन प्राणी लागत. समुद्रात त्यांची शेती करून पाहिली, १९९६ मध्ये ई. जे. कोरी यांच्या गटाने संपूर्ण संश्लेषणही साधले. शेवटी वाट निघाली ती वेगळीच : स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स हा जीवाणू टाक्यांत वाढवून सायनोसॅफ्रॅसिन बी हे जवळच्या घडणीचे संयुग मिळवायचे आणि त्यापासून पुढचे टप्पे रसायनशाळेत करायचे. युरोपने ते २००७ मध्ये मंजूर केले, अमेरिकेने २०१५ मध्ये.

स्पंजातील हॅलिकॉन्ड्रिन बी या संयुगाची कथा याहून बिकट होती. जपानमध्ये ६०० किलो स्पंजातून १२.५ मिलीग्रॅम मिळाले होते. हार्वर्डमध्ये योशितो किशी यांनी १९९२ मध्ये ते संपूर्ण संश्लेषित केले. मधल्या टप्प्यांतील संयुगे तपासताना रेणूचा उजवा अर्धा भागच काम करतो असे आढळले. त्यावरून घडवलेले एरिब्युलिन २०१० मध्ये पसरलेल्या स्तन कर्करोगासाठी मंजूर झाले. या क्षेत्रातले हे सर्वांत सुंदर रसायनकाम, असे मला वाटते. शिवाय मात्रा शरीराच्या प्रति चौरस मीटर १.४ मिलीग्रॅम इतकी थोडी असल्यानेच एवढे लांबलचक संश्लेषण परवडते.

कोन शंखाच्या विषातील झिकोनोटाइड या वेदनाशामकाची अडचण पुरवठ्याची नव्हती. २५ अमिनो आम्लांची ही साखळी यंत्रावर बनते. प्रश्न ते पोचवायचे कसे हा होता. रक्तातून दिले तर रक्तदाब घसरतो आणि मेंदू-मज्जारज्जूपर्यंत ते नीट पोचत नाही, म्हणून पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते. मात्रा घाईने वाढवली की गोंधळ, भास सुरू होतात. २००४ मध्ये मंजुरी मिळूनही वापर मर्यादित राहिला तो यामुळे.

खरा उत्पादक कोण, हे नंतर उलगडत गेले. डोलास्टॅटिन १० समुद्रससा या गोगलगायीत सापडले, पण ते तिच्या खाद्यातील सायनोबॅक्टेरियात बनते. ते स्वतः औषध म्हणून टिकले नाही. त्याचेच कृत्रिम भावंड प्रतिपिंडाला जोडून ब्रेंटक्सिमॅब वेडोटिन हे कर्करोगावरचे औषध झाले, मंजुरी २०११ मध्ये. ट्रॅबेक्टेडिनमागेही ट्युनिकेटमध्ये राहणारा जीवाणूच आहे, आणि तो प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे वाढवणे जमलेले नाही.

म्हणूनच गाळात सापडणाऱ्या, टाकीत वाढू शकणाऱ्या सॅलिनिस्पोरा जीवाणूंबद्दल एवढी आशा होती. त्यातून २००३ मध्ये जाहीर झालेले सॅलिनोस्पोरामाइड ए हे कर्करोगविरोधी संयुग खारट माध्यमात मिळवता येते. मात्र क्लोराइडने पोलादी टाक्या गंजतात, म्हणून कमी क्लोराइडचे माध्यम शोधावे लागले. हे संयुग मेंदूतही शिरते. तरीही ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत नेहमीच्या उपचाराला ते जोडल्याने रुग्णांचे आयुष्य वाढले नाही.