बंदर विस्ताराची पर्यावरणविषयक लोकसुनावणी (कोकण किनारा)

बंदराची क्षमता वाढवण्यापूर्वी त्या कामाच्या पर्यावरण आघात मूल्यांकन अहवालाचा मसुदा बाधित लोकांपुढे ठेवून त्यांचे म्हणणे ऐकण्याची व नोंदवण्याची कायदेशीर प्रक्रिया. विस्तारात नवा धक्का किंवा जेटी, ब्रेकवॉटरची (लाटा अडवणाऱ्या बांधाची) लांबी वाढवणे, जहाजांच्या येण्याजाण्याचा चॅनेल खोल करणे, भराव घालून साठवणुकीची जागा तयार करणे, कोळसा किंवा कंटेनर हाताळणीची क्षमता वाढवणे अशी कामे येतात. प्रक्रियेचे दोन भाग आहेत: प्रकल्पाच्या जागी किंवा लगत होणारी जाहीर सुनावणी आणि सुनावणीला न येणाऱ्यांसह कोणाही संबंधिताचे लेखी म्हणणे. वर्तमानपत्रे आणि गावकरी पहिल्या भागालाच जनसुनावणी म्हणतात. दुसरा भाग त्यामुळे बहुधा दुर्लक्षित राहतो.

कायद्याची चौकट

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ खाली केंद्राने १९९४ मध्ये पहिली आघात मूल्यांकन अधिसूचना काढली. सुनावणी सक्तीची झाली ती १९९७ च्या दुरुस्तीने. आज लागू आहे ती १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना. तिच्या अनुसूचीत बंदरे, ब्रेकवॉटर आणि ड्रेजिंग (पाण्याखालचा गाळ उपसणे) ७(ई) या नोंदीत येतात. वर्षाला ५० लाख टन किंवा अधिक माल हाताळणारे बंदर 'अ' प्रवर्गात जाते व त्याचा निर्णय केंद्रीय पर्यावरण मंत्रालय (पुढे नुसते 'मंत्रालय') करते. त्याहून कमी क्षमतेचे बंदर आणि वर्षाला १०,००० टन किंवा अधिक मासळी हाताळणारे मच्छीमार बंदर 'ब' प्रवर्गात, राज्य प्राधिकरणाकडे. 'ब' मधल्या 'ब-२' ठरवलेल्या प्रकल्पांना सुनावणी नाही. जोडीला सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना (आधी १९९१, मग २०११, आता २०१९) लागू होते आणि महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस घ्यावी लागते. कांदळवन तोडायचे असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार न्यायालयाची परवानगी वेगळीच.

विस्ताराचे प्रकरण नव्या बंदराहून थोडे निराळे चालते. अधिसूचनेच्या परिच्छेद ७(ii) नुसार विस्ताराला अहवाल व सुनावणी किती प्रमाणात लागेल, हे तज्ज्ञ मूल्यांकन समिती ठरवते. पुढच्या कार्यालयीन आदेशांनी वाढीच्या टक्केवारीनुसार काही सवलतीही दिल्या. त्यामुळे विस्तार तुकड्यातुकड्यांनी मांडला जातो का, यावर लक्ष ठेवावे लागते: आज फक्त चॅनेलचे खोलीकरण, उद्या धक्का, परवा साठवणूक. गोव्यातल्या मुरगाव बंदराच्या चॅनेल खोलीकरणाला सुनावणीतून सूट मिळाली होती. मच्छीमारांच्या अर्जावर पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये ती पर्यावरण मंजुरी रद्द केली, आणि २०१७ मध्ये वास्को येथे झालेली सुनावणी अनेक दिवस चालली.

क्रम आणि मुदती

प्रकल्पधारक प्रथम परिवेश या केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या संकेतस्थळावर अर्ज करून अभ्यासाच्या अटी मिळवतो. मान्यताप्राप्त सल्लागार संस्था त्या अटींनुसार मसुदा अहवाल तयार करते. मग प्रकल्पधारक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सुनावणीची विनंती करतो आणि अहवालाच्या किमान १० छापील व तितक्याच संगणकीय प्रती देतो. सारांश इंग्रजीत आणि मराठीत लागतो, आणि तो १० पानांपेक्षा मोठा नसावा, अशी अपेक्षा आहे. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित पालिका किंवा ग्रामपंचायत आणि मंत्रालयाचे प्रादेशिक कार्यालय येथे पाहायला मिळाला पाहिजे.

विनंतीपासून ४५ दिवसांत सुनावणी पूर्ण करायची असते. तिची जाहिरात एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात किमान ३० दिवस आधी यावी लागते. २०२० च्या मसुदा अधिसूचनेत ही मुदत २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. जिथे वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटावी, असे अधिसूचनेतच लिहिले आहे. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो, मदतीला मंडळाचा अधिकारी. आधी सारांशाचे सादरीकरण, नंतर उपस्थितांपैकी प्रत्येकाला बोलण्याची व खुलासा मागण्याची संधी. गणसंख्येची अट नाही. सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण होते. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा तिथेच मराठीत वाचून दाखवायचा आणि त्याच दिवशी अध्यक्षांनी सही करायची. आठ दिवसांत ते निर्णय घेणाऱ्या प्राधिकरणाकडे जाते.

सुनावणीत मतदान होत नाही. हजार माणसांनी हात वर करून विरोध केला तरी प्रकल्प तेवढ्याने थांबत नाही, आणि ग्रामसभेच्या विरोधी ठरावाला या अधिसूचनेखाली नकाराधिकार नाही. वजन असते ते मुद्द्याला आणि तो इतिवृत्तात कोणत्या शब्दांत उतरला याला. गोव्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले की तज्ज्ञ समितीने सुनावणीतल्या आक्षेपांचा विचार केल्याचे कारणांसह दिसले पाहिजे. नोंदच मोघम असेल तर विचारही मोघमच होणार.

संबंधित कोण

कोकणात सर्वाधिक चुकते ते इथे. सल्लागार बाधितांची यादी काढतो तेव्हा हाताशी असतात सातबारा, जनगणना आणि १० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळातली गावे. बंदराचा घाव मात्र मुख्यतः पाण्यात बसतो आणि मासेमारीच्या जागेचा सातबारा निघत नाही. रायगड-पालघरकडे डोल (प्रवाहात खुंटांना बांधून ठेवायचे पिशवीसारखे जाळे) लावणाऱ्यांच्या कवी, म्हणजे जाळे लावायच्या जागा, ठरलेल्या असतात. कोणाचा खुंट कुठे, हे गावात सर्वांना ठाऊक असते, कागदावर क्वचितच सापडते. सिंधुदुर्गातल्या रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या लांब जाळ्याला) किनाऱ्याचा मोकळा पट्टा लागतो. ओहोटीला तिसऱ्या, कालवे ही शिंपले काढणाऱ्या बायका तर कोणत्याच नोंदवहीत नसतात, कारण त्यांना बोटही नाही आणि परवानाही नाही. पलीकडच्या तीरावरचे गाव हवाई अंतराने एक-दोन किलोमीटरवर असले तरी ते कधी दुसऱ्या तालुक्यात असते, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. सावित्रीच्या मुखाशी एका बाजूला रायगड आणि दुसऱ्या बाजूला रत्नागिरी. सुनावणी जिल्हावार घ्यायची असल्याने बाधित क्षेत्र दोन जिल्ह्यांत असेल तर दोन सुनावण्या लागतात.

याखेरीज खारजमिनीचे शेतकरी (जलमार्ग बदलला की खारबांधावर पाण्याचा मारा बदलतो), रस्त्याकडेची गावे, आंबा-काजू बागायतदार, होडीने प्रवासी नेणारे, पर्यटनावर पोट असणारे, मासळी विकणाऱ्या कोळणी आणि बर्फ कारखानदार हे सगळे संबंधितच. यादी तयार करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मच्छीमार सहकारी संस्थांकडची सभासद व डिझेल कोट्याची नोंद, मत्स्यव्यवसाय विभागाकडची नौका नोंदणी, आणि ज्याला कागद नाही त्याच्यासाठी वाडीवाडीवर जाऊन काढलेला नकाशा. हा नकाशा सागरी नकाशावर उमटवून घ्यावा. कोळ्यांच्या खुणा डोंगर, देऊळ, दीपस्तंभ यांच्या रेषेत सांगितलेल्या असतात. एखादा जाणकार तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) बरोबर घेऊन जीपीएसवर त्या एकदा टिपल्या की चॅनेल आणि कव एकमेकांवर कुठे येतात ते लगेच दिसते.

हा तपशील सुटला की पुढे काय होते याचा दाखला न्हावा-शेवा परिसरात आहे. जवाहरलाल नेहरू बंदराच्या चौथ्या कंटेनर टर्मिनलच्या संदर्भात पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर हरित लवादाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना सुमारे ९५.१९ कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला. बंदर न्यास, सिडको आणि ओएनजीसी यांच्यावर तो होता. कांदळवनाचा नाश आणि समुद्राकडे जाणाऱ्या वाटा बंद होणे हे त्यातले कळीचे मुद्दे होते.

तारीख, वेळ, जागा

सकाळी ११ वाजता तालुक्याच्या सभागृहात हा सरकारी सोयीचा प्रघात. डोल ओढणाऱ्यांना उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांत वेळ नसतो, कारण जाळ्याला प्रवाहाचा जोर तेव्हाच मिळतो. अष्टमी-नवमीच्या आसपास, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत ते मोकळे असतात. भरती-ओहोटीचे कोष्टक आणि पंचांग पाहून तारीख ठरवायला काही खर्च येत नाही. यांत्रिक बोटी जून-जुलैच्या मासेमारी बंदीत किनाऱ्यावर शाकारून (झाकून) ठेवलेल्या असतात, तेव्हा माणसे गावात सापडतात, पण रस्ते आणि तरी (खाडी ओलांडणाऱ्या होड्या) बेभरवशाच्या असतात. गणपती आणि शिमग्यात मुंबईचे चाकरमानी येऊन गाव भरलेले असते, हे खरे. तरीही त्या दिवसांत तारीख ठेवणे म्हणजे हजेरीपट भरावा आणि ऐकायला कोणाला उसंत नसावी. जागा पलीकडच्या तीरावरच्या लोकांना शेवटच्या तरीपूर्वी परतता येईल अशी हवी.

अहवालात काय तपासावे

अभ्यासासाठी पावसाळा वगळून एका ऋतूची माहिती चालते. कोकणात हीच मोठी फट आहे. गाळ खाडीत उतरतो पावसात, किनारा झिजतो नैऋत्य मोसमी लाटांनी आणि बऱ्याच मासळीचा विणीचा काळही त्याच सुमाराचा. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या शांत समुद्रात मोजलेला प्रवाह जून-सप्टेंबरबद्दल काही सांगत नाही. म्हणून विचारायचे ते असे: प्रवाहमापक कोणत्या महिन्यांत, किती दिवस, कुठे ठेवला होता? उधाण आणि भांग दोन्ही धरले का? गाळाचे गणितीय प्रारूप पुण्याजवळच्या खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेसारख्या संस्थेचे असेल, तर तिचा पूर्ण अहवाल जोडला आहे की फक्त निष्कर्ष?

ड्रेजिंगचे आकडे स्वतः मांडून पाहावेत. समजा चॅनेल ५ किलोमीटर लांब, २५० मीटर रुंद आणि ३ मीटरने खोल करायचा आहे. उतरत्या कडा सोडल्या तरी ३७.५ लाख घनमीटर गाळ निघतो. ५,००० घनमीटर पोटाच्या ड्रेजरला त्यासाठी किमान ७५० फेऱ्या, आणि पोटात पाणीही भरत असल्याने प्रत्यक्षात बऱ्याच जास्त. हा गाळ कुठे टाकणार, तिथे खोली किती, ओहोटीला तो कुठे वाहतो आणि दरवर्षीच्या देखभाल ड्रेजिंगचा गाळ किती, ही उत्तरे सारांशात नसतात. ती मुख्य अहवालाच्या परिशिष्टांत शोधावी लागतात.

तसेच रस्त्याचे. वर्षाला १० लाख टन जादा माल २५ टनी ट्रकने न्यायचा तर ४०,००० भरलेल्या फेऱ्या होतात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर रोज सुमारे १३३ भरलेले आणि तितकेच रिकामे ट्रक. घाटरस्ता आणि गावातली शाळा हे आकडे पेलतील का, ते वाहतूक प्रकरणात पाहावे. कोळशाचा माल असेल तर धुळीची मोजणी मोहोराच्या काळात, वाऱ्याच्या दिशेच्या बागांत झाली का ते विचारावे. सुरुंग लावायचे असतील तर जांभ्याच्या विहिरींची आणि घरांची आधीची स्थिती नोंदवून घ्यावी, म्हणजे नंतर तडा कधीचा यावर वाद राहत नाही. अपघाताच्या प्रकरणात तेलगळतीचा विचार कागदापुरता नको: ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' यांच्या टकरीनंतर तेल आणि कंटेनर रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोचले होते.

विस्ताराच्या सुनावणीत एक कागद सगळ्यात आधी मागावा: जुन्या मंजुरीतल्या अटींच्या पालनाचा, मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाने प्रमाणित केलेला अहवाल. कांदळवन लावायचे होते ते लावले का, मच्छीमारांसाठी वाट ठेवायची होती ती आहे का. नव्या आश्वासनांची किंमत यावरून कळते.

म्हणणे कसे मांडावे

"आमचा धंदा बुडेल" हे वाक्य इतिवृत्तात "मासेमारीबाबत चिंता व्यक्त केली" असे उतरते आणि त्यापुढे प्रकल्पधारकाचे उत्तर येते, "योग्य ती काळजी घेण्यात येईल." दोन्ही वाक्यांना पुढे कोणी हात लावत नाही. त्याऐवजी "अहवालाच्या अमुक पानावरच्या नकाशात गाळ टाकण्याची जागा आमच्या गावच्या बारा कवींवर येते; त्या अक्षांश-रेखांशांसह सोबत जोडल्या आहेत; जागा बदलावी किंवा ऑक्टोबर ते मे गाळ टाकू नये" असे म्हटले तर समितीला हो किंवा नाही म्हणावेच लागते. प्रत्येक मुद्द्यात पान क्रमांक, आक्षेप आणि मागणी असावी. भाषण संपले की तोच मजकूर लेखी देऊन पोच घ्यावी. ग्रामपंचायतीचा ठराव क्रमांक व तारखेसह जोडावा. नकाराधिकार नसला तरी पुरावा म्हणून तो टिकतो. गोषवारा वाचला जाईपर्यंत गावातली दोन माणसे तरी सभागृहात थांबलीच पाहिजेत. मंडप रिकामा झाल्यावर वाचलेल्या गोषवाऱ्यातली चूक दाखवायला कोणी उरत नाही.

३० सप्टेंबर २०२० च्या केंद्रीय आदेशापासून नोंदीला आणखी एक अर्थ आला आहे. पूर्वी भांडवली खर्चाच्या ठरावीक टक्क्यांत सामाजिक कामांची रक्कम बसवली जाई. आता सुनावणीत दिलेली आश्वासने रक्कम आणि मुदतीसह पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात घालायची असतात. व्यासपीठावरून "जेटी बांधून देऊ" म्हटले की तिथल्या तिथे विचारावे: किती मीटरची, कुठे, कोणत्या वर्षी, किती रकमेत.

बहिष्कार आणि सभा उधळणे हे कोकणात सर्रास वापरले जाणारे हत्यार आहे आणि रागामागची कारणे बहुतेकदा खरी असतात. मात्र स्थानिक परिस्थितीमुळे मोकळेपणाने सुनावणी घेणे शक्य नाही, असा अहवाल गेला तर प्राधिकरण सुनावणीच वगळू शकते, अशी तरतूद २००६ च्या अधिसूचनेत आहे. अहवाल मिळाला नाही, जाहिरात ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीची होती, असे आक्षेप असतील तर ते सुरुवातीलाच लेखी देऊन, इतिवृत्तात नोंदवून घेऊन तहकुबी मागणे जास्त उपयोगी पडते. तहकुबीनंतरची तारीख पुन्हा रीतसर जाहीर करावी लागते.

सुनावणीनंतर

प्रकल्पधारक आक्षेपांची उत्तरे घालून अंतिम अहवाल तयार करतो आणि तो तज्ज्ञ समितीपुढे जातो. हा टप्पा झपाट्याने उरकू शकतो: वाढवण बंदराची सुनावणी पालघर येथे १९ जानेवारी २०२४ रोजी झाली आणि पुढच्याच महिन्यात पर्यावरण मंजुरी निघाली. म्हणून लेखी म्हणण्याची प्रत मंत्रालयाला वेगळी पाठवावी आणि समितीची विषयपत्रिका व इतिवृत्ते परिवेशवर पाहत राहावे. मंजुरीविरुद्ध हरित लवादाच्या पुणे येथील पश्चिम खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस मिळतात, त्यापुढे एक दिवसही नाही.