पितळी स्टोचं वय तळावर वाचा

जुना पितळी स्टो हाती लागला की बहुतेक जण लगेच चिंच नाहीतर पॉलिशची डबी शोधतात. कळकट पितळ झळाळून उठावं ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण थोडं थांबा. त्या काळवंडलेल्या पत्र्यावर बारीक अक्षरांचे ठसे असतात. स्टो कुणी बनवला, कोणत्या देशात आणि पुष्कळदा नेमक्या कोणत्या वर्षी, हे त्यांवरून कळतं. वर्षानुवर्षं घासून ते ठसे इतके उथळ होतात की शेवटी वाचताच येत नाहीत.

ज्याला आपण सरसकट प्रायमस म्हणतो, तो मूळचा स्वीडनचा. 1882 च्या सुमारास कार्ल रिकार्ड न्यूबर्ग याने तिथे ब्लोटॉर्च बनवला. द्रव इंधन तापवून त्याची वाफ करायची आणि तीच जाळायची, ही त्यामागची कल्पना. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने ती चुलीसाठी वापरली आणि 1892 मध्ये स्टॉकहोममध्ये प्रायमस जन्माला आला. टाकीत पंपाने हवा भरली की रॉकेल नळीतून वर चढतं, तापलेल्या बर्नरच्या वळणांत त्याची वाफ होते आणि ती निपलच्या केसाएवढ्या भोकातून जोरात बाहेर पडते. जाताना आजूबाजूची हवा ओढून घेते, म्हणून ज्योत निळी आणि काजळी जवळजवळ नाही. रॉकेल साधारण 150 अंश सेल्सिअसच्या पुढे उकळू लागतं. त्यामुळे सुरुवातीला बर्नर बाहेरून तापवावाच लागतो. स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा, मग पंप, मधूनच पिन मारणं, हे सगळं आपल्याकडच्या स्वयंपाकघरांत एका अख्ख्या पिढीच्या अंगवळणी पडलेलं होतं.

याच यंत्राची घडीच्या पायांची छोटी भावंडं गिर्यारोहकांसाठी निघाली. प्रायमसचं 96 नंबरचं मॉडेल सुटं करून पत्र्याच्या डबीत बसायचं. थंडीत त्याचं मोल मोठं होतं, कारण दाब बाहेरच्या तापमानावर अवलंबून नसून पंप मारणाऱ्या हातावर अवलंबून होता. 29 मे 1953 च्या पहाटे, एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर, एडमंड हिलरींनी गोठून दगड झालेले बूट प्रायमसवर धरून मऊ केले आणि मग ते आणि तेनसिंग नोर्गे शिखराकडे निघाले.

आता वयाकडे वळू. स्टो रिकामा करून उलटा धरा आणि टाकीचा तळ बघा. प्रायमसने 1911 पासून तिथे वर्षाचं अक्षर ठोकायला सुरुवात केली. ए म्हणजे 1911, बी म्हणजे 1912, सी म्हणजे 1913, असा क्रम चालतो आणि मुळाक्षरं संपली की दोन अक्षरांची जोडी सुरू होते. ज्या वर्षी रोआल्ड अमुंडसेन प्रायमस बरोबर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचला, त्या वर्षीच्या स्टोवर एकटा ए असतो. मला हे एक अक्षर सगळ्या नक्षीकामाहून मोलाचं वाटतं.

अक्षर नसेल तर मजकूर वाचायचा. बी. ए. योर्थ अँड कंपनी हे नाव टाकीवर असलं, तर ती प्रायमसची मूळ विक्रेती कंपनी. पुढे तिचंच बाको झालं. 1962 मध्ये प्रायमसचे द्रव इंधनाचे स्टो ऑप्टिमस या कंपनीकडे गेले. ऑप्टिमस, रेडियस, स्वेआ ही सगळी स्वीडिश नावं, तर मॉनिटर इंग्लंडचं. ‘स्वेआ 123’ हे पेट्रोलवर चालणारं बुटकं पितळी मॉडेल 1955 मध्ये आलं. त्याला पंपच नाही. ज्योतीची ऊब टाकीला लागते आणि तिनेच दाब तयार होतो. रॉकेलच्या पंपवाल्या स्टोमध्ये मात्र पेट्रोल चुकूनही घालू नका, जिवावर बेतेल.

बर्नर, पंप, निपल, पाय यांच्यावरून वय ठरवण्याचा मोह टाळावा. हे भाग एकमेकांना बसतात आणि दुरुस्तीवाल्यांनी ते मनसोक्त बदललेले असतात. आवाज करणारा बर्नर काढून शांत बर्नर लावलेले कितीतरी स्टो फिरत असतात. चामड्याचा वायसर तर किती वेळा बदलला त्याचा हिशोबच नसतो. साक्ष घ्यायची ती टाकीची.

टाकीचं पितळ स्वतःही बोलतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ते गंजून भुगा होत नाही, पातळ पत्र्यातून दाबून खोलगट टाकी निघते आणि डाख चांगला धरतं. स्वीडिश शोधक आंद्रे याच्या बलून मोहिमेतली तीन माणसं 1897 मध्ये आर्क्टिकमध्ये बेपत्ता झाली. त्यांचं सामान 1930 मध्ये बर्फाळ बेटावर सापडलं आणि त्यात प्रायमसही होता. पण पितळेला दोन रोग जडतात. पहिला, जस्त निघून जातं आणि पृष्ठभाग गुलाबी दिसू लागतो. चिंच, लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये वस्तू फार वेळ बुडवून ठेवली तरी अशीच तांबूस छटा येते. म्हणून गुलाबी डाग दिसला तर तो म्हातारपणाचा की कुणाच्या अतिउत्साहाचा, हे आधी ठरवा.

दुसरा रोग जास्त घातक आणि त्याचा इतिहास भारतातला. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात ठेवून दिली की कुणी हात न लावताही चिरायची. ती घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवलेली असत. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण दाखवून दिलं: घोड्यांच्या मूत्रातून येणारा अमोनिया. दाबून घडवलेल्या पितळेत ताण अडकून राहतो. दमट हवेत अमोनिया त्या ताणलेल्या धातूच्या कणांमधल्या सीमा कुरतडतो आणि बारीक भेग पडते. घडवल्यावर पितळ बेताचं तापवून घेतलं तर ताण उतरतो. स्टोची टाकीसुद्धा दाबूनच घडवलेली असते, त्यामुळे तिच्या काठाशी केसासारखी रेघ दिसली तर तिला साधा ओरखडा समजू नका. दाब भरला की तिथूनच रॉकेल पाझरेल. आणि अमोनिया असलेलं पॉलिश अशा टाकीला लावणं म्हणजे भेगेला वाढायला मदत करणं. माझ्या मते असा स्टो पेटवूच नये, शोकेसमध्ये ठेवावा.

ठसा वाचायचा असेल तर खोली अंधारी करून टॉर्च टाकीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. वरून पडणाऱ्या उजेडात सपाट वाटणाऱ्या रेघांच्या कडा आडव्या उजेडात सावली टाकतात आणि अक्षर उठून दिसतं. नाहीच दिसलं तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. फोटो काढा, अक्षर लिहून ठेवा. मग टाकी कोमट पाण्याने, साध्या साबणाने आणि मऊ कापडाने पुसा. तळाला मात्र पॉलिश लावू नका.