आधी कुणाच्या फडाला कोयता?

गाळप हंगाम सुरू झाला की माजलगावच्या पट्ट्यात चिटबॉयला, म्हणजे साखर कारखान्याच्या ऊसनोंदी आणि तोड बघणाऱ्या माणसाला, भेटेल तो एकच विचारतो, "आमच्या उसाला तोड कधी?" नियम साधा आहे: ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. पण यादी एका जागी थांबत नाही. राहिलेल्या नोंदी येत राहतात. कुठे विजेच्या तारेची ठिणगी पडून फड पेटतो आणि तो सगळ्यांच्या आधी घ्यावा लागतो, कारण जळीत उसाचं वजन आणि साखर दिवसागणिक घटत जातात.

अशा कामासाठी संगणकशास्त्रात प्रायॉरिटी क्यू, म्हणजे प्राधान्याची रांग, आहे. रेशनच्या रांगेत आधी आलेला आधी; इथे निकड ज्याची मोठी तो आधी, मग तो कधीही येवो.

दर नव्या नोंदीला अख्खी यादी पुन्हा लावायची गरज नाही. पुढचा फड कोणता, एवढंच टोळीला हवं असतं. दहा हजाराव्या नंबरावर कोण, हे आज कुणी विचारत नाही. १९६४ साली जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी मांडलेली 'हीप' ही रचना नेमकी या अर्धवट क्रमावर उभी आहे, आणि मला तिचं सगळं सौंदर्य तिथेच दिसतं. मांडणी वंशावळीसारखी. प्रत्येकाखाली फार तर दोघे, आणि वरच्याची तारीख खालच्या दोघांच्या नंतरची नसावी. भावाभावांत कोण पुढे, याचं बंधन नाही.

जुलैच्या लागणीच्या तारखा, वरच्या पिढीपासून खाली आणि डावीकडून उजवीकडे वाचल्या तर, अशा मांडल्या आहेत समजा: ३, ८, ५, १२, ९, ७. आता ४ जुलैची राहिलेली नोंद आली. ती शेवटी बसते. तिच्या वर आहे ५. चार आधीची, म्हणून जागा बदलली. आता वर ३, तिथे थांबायचं. झालं: ३, ८, ४, १२, ९, ७, ५. दोन तुलना, एक अदलाबदल. नोंदी २० हजार असल्या तरी नवी नोंद फार तर १४ पायऱ्या चढते.

रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ही रचना 'बायनरी हीप' नावाने तयार मिळते. मात्र ती सर्वांत मोठं मूल्य आधी देते. तारखा तशाच टाकल्या तर सगळ्यात उशिरा लागलेला, कोवळा ऊस पहिला बाहेर येतो. म्हणून प्रत्येक नोंद क्रम उलटा करणाऱ्या 'रिव्हर्स'मध्ये गुंडाळायची. दुसरी अडचण बरोबरीची: दोन शेतकऱ्यांची तारीख एकच असेल, तर आधी नोंदवलेला आधी येईलच याची हमी हीप देत नाही. त्यावर उपाय म्हणजे तीन आकड्यांची जोडणी: जळीत असेल तर ०, नसेल तर १, मग लागणीची तारीख, मग नोंद क्रमांक. रस्ट डावीकडून एकेक आकडा ताडून बघते. तोडीचा अख्खा नियम या एका ओळीत मावतो. ही ओळ गट कार्यालयाच्या भिंतीवर लावावी, असं मला मनापासून वाटतं; कुणाचा नंबर का मागे गेला, हे ज्याचं त्याला ताडता येईल.

आत बसलेल्या नोंदीचा क्रम मात्र परस्पर बदलायचा नाही. फड जळाला म्हणून तिचा १ पुसून ० केला, तर ती जुन्याच जागी राहते आणि वरच्या-खालच्याचा नियम गुपचूप मोडतो. त्यापेक्षा त्याच फडाची, त्याच क्रमांकाची, पण ० असलेली नवी नोंद टाकायची. ती वर चढते, टोळी जाते, तोड होते. काही दिवसांनी जुनी नोंद वर येते. तेव्हा तोड झालेल्यांच्या वहीत तिचा क्रमांक बघायचा आणि ती बाजूला टाकून पुढची काढायची.